सत्तेचाळीस नंबरची स्लीव्ह

१

स्लीव्हवर रक्त होतं, पण आतल्या बाजूला. बाहेरून साधा ओरखडासुद्धा नव्हता.

चाकणच्या त्या कंपनीत गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनतात. पत्र्याची धार अशी की नुसता हात घासला तरी कातडी उघडते. म्हणून लाइनवरचा जो तो मनगटापासून कोपरापर्यंत जाड विणीच्या बाह्या चढवतो. त्यांना तिथं स्लीव्ह म्हणतात. प्रत्येक जोडीवर कामगाराचा नंबर शिवलेला असतो, आणि सुटी झाली की सगळ्या जोड्या धुण्याच्या ढिगात पडतात.

सकाळी नऊला एचआरच्या रुपाली मॅडमनी प्लास्टिकच्या पिशवीतून ही एकच डावी स्लीव्ह काढून नीलासिस्टरच्या टेबलावर ठेवली. नीला अठरा वर्षं त्या फर्स्ट एडच्या खोलीत होती. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, बाकी सगळा कारभार तिचाच. रोज चिखलीहून कंपनीच्या बसनं यायची आणि सगळ्या कंपनीचं गाऱ्हाणं ऐकायची.

"धोंडीबाला आज सकाळी ढिगात सापडली," रुपाली म्हणाली. "कालची आहे. नंबर बघा, सत्तेचाळीस. करिष्मा, ती ट्रेनी."

नीलानं स्लीव्ह उलटी केली. रक्त वाळलं होतं, आणि त्यात बँडेजचे दोन धागे चिकटले होते. ते बघून तिला पेटी आठवली. महिनाभर लाइनजवळच्या फर्स्ट एडच्या पेटीतून बँडेजचे रोल जात होते. संध्याकाळी पेटी भरलेली, सकाळी एक रोल कमी. गंमत म्हणजे दोन दिवसांनी पेटीत नवा रोल यायचा, कंपनीच्या निळ्या वेष्टणातला नव्हे, बाहेरच्या मेडिकलच्या पांढऱ्या पाकिटातला. चोरी करून भरपाई करणारा चोर नीलानं उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

"पत्र्यानं कापलं असतं तर स्लीव्ह फाटली असती," रुपाली म्हणाली. "म्हणजे स्वतःच करून घेतलंय. सकाळी सहीला बोलावलं तेव्हा तिचं मनगट बघितलं मी. जुने वण आहेत ताई, रांगेनं. आणि वर ताजे ओरखडे."

"मग?"

"पुढच्या आठवड्यात ऑडिट आहे. उद्या हिनं इथंच काही केलं तर कोण निस्तरणार? आज तिला कायमचं पत्र मिळणार होतं. त्याऐवजी साडेचारला घरी पाठवायचं पत्र देतेय. वाईट मलाही वाटतंय हो, पण माझे हात बांधलेत."

खरं सांगायचं तर नीलाच्याही मनात तेच आलं होतं. एकवीस वर्षांची पोर, परगावची, असेल काहीतरी प्रेमाबिमाचं लफडं. पण बदल्यात आणून ठेवलेले ते पांढरे रोल तिला स्वस्थ बसू देईनात.

"साडेचारपर्यंत थांबा," ती म्हणाली. "तोवर कुणाला एक शब्द नाही."

२

करिष्मा आली ती दारातच घुटमळली. परभणीकडची, अंगानं काडी. कुरुळीत चार मुलींबरोबर खोली करून राहायची.

"काय झालंय ताई? मॅडम सकाळपासून कसंतरी बघायलेत माझ्याकडं."

"बस. हात दाखव."

करिष्मानं हात मागं घेतला. नीलानं पाण्याचा ग्लास पुढं सरकवला आणि आपली कापसाचे बोळे करत बसली. पोरीनं पाणी पिऊन टाकलं, मग आपणच हात टेबलावर ठेवला.

"हे माझंच हाय ताई. मीच केलं होतं."

नीलानं कापूस बाजूला ठेवला.

"बारावीला होते. पाहुणे बघून गेले, साखरपुड्याची तारीख धरली. मला विचारलं कुणी नाय. बोललं की म्हणायचे, लई तोंड वाजवती. मग मी बोलणंच बंद केलं. आतल्या आत इतकं व्हायचं ना, की हे केलं की घटकाभर बरं वाटायचं. मग पुन्हा तेच. मला मरायचं नव्हतं ताई. कुणालाच खरं वाटलं नाय, पण नव्हतं मरायचं."

"मग थांबलं कसं?"

"कॉलेजातल्या बाईंनी बघितलं. रागावल्या नाय, काय नाय. परभणीला डॉक्टरकडं नेलं, वर्षभर. घरच्यांनाबी त्यांनीच समजावलं. चार वर्षं झाली. आता नोकरी हाय म्हणून घरचे गप हायत. नोकरी गेली की वैशाखात लग्न."

मनगटावरचे वण पांढरे, सपाट झाले होते. चार वर्षांपूर्वीचेच. पण वर, कोपराच्या जरा खाली, दोन लाल ताजे ओरखडे होते.

"आणि हे?"

"ते पत्र्याचं. सांगितलं नाय, ट्रेनीला लागलं की नीट काम करत नाय म्हणतात."

"पत्र्याचं? मग स्लीव्ह काय शोभेला घालतेस?"

करिष्मानं खांद्यावर टाकलेली स्लीव्ह काढून दाखवली. धुऊन धुऊन सैल झालेली, इलॅस्टिक मेलेलं. वरून दोन रबरबँड.

"ही थांबती का हातावर? सारखी खाली घसरती. रबर लावून लावून वळ उठलेत."

वळ खरेच होते. ओरखडे नेमके त्या वळाच्या वर होते, स्लीव्ह घसरली की उघड्या पडणाऱ्या जागी. नीलानं स्लीव्हची कड उलटून नंबर पाहिला. एकोणीस.

"तुझा नंबर सत्तेचाळीस ना?"

"कागदावर!" करिष्माला हसूच आलं. "नंबर बघून कोण घालतंय ताई? सकाळी धुतलेला ढीग असतो. आधी येईल तो चांगल्या उचलतो. आमची बस शेवटची. मागच्या महिन्यात मला नव्याकोऱ्या मिळाल्या होत्या, एक दिवस घातल्या. दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा दिसल्या नाहीत."

एचआरमध्ये बसणाऱ्याला हे कुठून ठाऊक असणार? तिथं नंबर म्हणजे माणूस. नीलानं त्या पिशवीकडं पाहिलं. करिष्माच्या नव्या स्लीव्ह महिनाभर दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात होत्या.

३

"आधी कोण येतं?" धोंडीबा जरा विचारात पडला.

सोलापूरकडचा माणूस, साठीला टेकलेला. कपड्यांचा ढीग, झाडलोट सगळं त्याच्याकडं. सकाळी सहाला हजर, दुपारी चारला घरी.

"मी येतो. मंग सुजित, गाडीवर येतो त्यो. आन् आपलं गणराज सायेब. बाकी समदी बसनं."

"सुपरवायझरला काय करायच्यात स्लीव्ह? तो कुठं पत्रा उचलतो?"

"आता तसं न्हाई बघा. दोन म्हैनं झालं, सायेब सोता घालत्यात. मी घातली तर पोरं घालतील, म्हनत्यात. लई गुनी मानूस."

हे कौतुक नीलालाही माहीत होतं. मार्चच्या सुरक्षा सप्ताहात गणराजचा फोटो मोठा करून गेटवर लावला होता. दोन्ही हातांत स्लीव्ह, चेहरा हसरा. तिनं त्याचं नाव बाजूला ठेवलं आणि धोंडीबाच्या हाताकडं पाहिलं. दुमडलेल्या बाहीखाली दंडापर्यंत गोल गोल काळपट वळ होते.

"धोंडीबा, हे काय?"

"ह्ये?" तो संकोचला. "ते लहानपनचं हाय. आमच्यात पोतराज. आई डोक्यावर देवीचं देव्हारं घ्यायची, बाप हलगी वाजवायचा, आन् मी चाबकाचा कोरडा वढायचो. अंगावर. मग लोकं पसाभर पीठ घालायची."

"स्वतःच्या अंगावर? त्या वयात?"

"धा वर्साचा आसंल. दुखायचं की! पन समद्यांफुडं आसायचं ते. दुखलं तर आई हळद लावायची, देवीचं नाव घ्यायची. पोरांना न्हाई म्या करू दिलं." त्यानं टेबलावरच्या स्लीव्हकडं हनुवटी केली. "ह्ये तसं न्हाई, सिस्टर. ह्ये कुनीतरी लपून करतंय. ज्येला हळद लावाय कुनी न्हाई, त्येचं काम हाय ह्ये."

एवढं बोलून तो झाडू घेऊन निघाला, आणि दारातून परत वळला.

"सुजितचं बोट बघितलंसा का? त्येनं सोताच कापून घेतलंया. म्या डोळ्यानं बघितलं."

४

सुजित आला तो बोट मागं लपवूनच.

"ताई, धोंडीबा पचकला ना?"

"बोट मीच बांधलंय ना रे, दहा दिवसांपूर्वी? पत्रा लागला म्हणालास. तोंड वर करून खोटं बोललास माझ्याशी."

"मग काय करू? बहिणीचं लग्न, आणि रजा दोन दिवसांची मंजूर. बहीण एकच आहे ओ मला! म्हटलं जखम झाली की आठवडा सुट्टी. जरा कापायला गेलो आणि आयला, टाकेच पडले चार. मंडपात सगळे विचारतायत हाताला काय झालं, आणि मला आईकडं बघवेना."

नीलाला हसावं की एक ठेवून द्यावी कळेना. पण या पोरानं जे केलं ते रजेसाठी, एकदाच, आणि त्याची लाजही त्याला भरपूर वाटत होती. असा माणूस गुपचूप बँडेज नेऊन ते भरून ठेवत नाही. तरीही खात्री करून घ्यायला हवी. तिनं आपली डायरी उघडली. रोल कमी भरला की ती तारखेवर टिंब करायची.

"सुजित, लाइनला ओव्हरटाइम कुठल्या दिवशी होता आठवतंय?"

"आठवतंय म्हणजे? मोबाइलमध्ये फळ्याचे फोटो आहेत, लाइनच्या ग्रुपवर येतात."

ओव्हरटाइमच्या दिवशी कोण थांबणार त्यांची नावं दुपारी लाइनच्या फळ्यावर लिहिली जायची. दोघं तारखा लावत बसले. ओव्हरटाइम मंगळवारी, बुधवारी सकाळी टिंब. ओव्हरटाइम सोमवारी, मंगळवारी सकाळी टिंब. कालही होता, आणि आज सकाळी टिंब. एकही टिंब चुकलं नाही.

"करिष्मा थांबते का कधी?"

"ट्रेनीला ओव्हरटाइम नसतो ताई. सव्वापाचची बस."

करिष्मा सुटली. धोंडीबा चारलाच घरी जातो, तोही सुटला. राहिला सुजित.

"गेल्या शुक्रवारी थांबला होतास?"

"शुक्रवारी? ताई, मी मंडपात अक्षता वाटत होतो."

शनिवारी सकाळी टिंब होतं. सुजितही सुटला. नीलानं मोबाइलवरचे फळ्याचे फोटो पुन्हा पुढं-मागं सरकवले. थांबणारी माणसं रोज निराळी होती. अक्षर मात्र एकाचंच होतं, ठसठशीत, शेवटी हसरा चेहरा काढलेला.

"सुजित, ही नावं कोण लिहितं?"

"गणराज सर. का ओ?"

नीला उठून खिडकीशी गेली. तिथून गेटवरचा तो फोटो दिसायचा. मग तिला कॅन्टीन आठवलं. महिनाभरात एकदाही तिनं गणराजला जेवताना स्लीव्ह काढलेलं पाहिलं नव्हतं. बोटांची टोकं तेवढी धुवायचा. सगळे म्हणायचे, काय शिस्त आहे! तीही म्हणाली होती.

घड्याळात पावणेचार झाले होते.

५

"काय सिस्टर, इंजेक्शन तर नाही ना?" गणराज हसतच आत आला. "मी पळून जाईन हां, आधीच सांगतो."

"बीपी बघायचंय. डावा हात पुढं करा."

"उजवा घ्या की."

"डावा," नीला म्हणाली.

तो हसत राहिला, पण हात काही पुढं आला नाही. नीलानं उठून दाराला कडी घातली, बीपीचं मशीन बाजूला सारलं आणि त्याच्या समोर नाही, शेजारच्या खुर्चीवर बसली.

"स्लीव्ह मी काढणार नाही. वाटलं तर तुम्ही काढा. मी फक्त मला काय दिसलं ते सांगते. ज्या दिवशी तुम्ही फळ्यावर नावं लिहिता, त्याच संध्याकाळी पेटीतला रोल जातो. दोन दिवसांनी मेडिकलमधून परत येतो, कारण दुसऱ्या कुणाला लागलं तर पेटी रिकामी नको, एवढी काळजी तुम्हालाच. एरवी स्लीव्ह घरी नेऊन धुत असाल. काल चुकून एक ढिगात गेली."

गणराजचं हसू कधी गेलं ते त्यालाच कळलं नसावं.

"प्रीतम," शेवटी तो म्हणाला.

नोव्हेंबरातली गोष्ट. प्रीतम त्याच्या लाइनवरचा, सगळ्यांचा लाडका. ओव्हरटाइम करून मोटारसायकलनं घरी जाताना डोळा लागला आणि उभ्या ट्रकवर आदळला. गणराजनं पोलीस केलं, दवाखाना केला, गावी गाडी पाठवली, शोकसभेत भाषणही केलं. रडला मात्र नाही. सगळे म्हणाले, धीराचा माणूस.

"तो नको म्हणत होता ताई. दोन रात्री झोप नाही म्हणाला. मीच म्हणालो, एवढा लॉट काढ भावा, उद्या उशिरा ये. कुणी मला एक शब्द बोललं नाही हो! त्याची आईसुद्धा नाही. शिवी तरी द्यायची ना एखादी. आणि दर दोन दिवसांनी मला फळ्यावर कुणाचं तरी नाव लिहायला लागतं. लिहितो, हसरा चेहरा काढतो, आणि मग..." त्यानं डावा हात उजव्यानं घट्ट धरला. "त्याला लागलं, मला काहीच नाही. हे बरोबर आहे का?"

नीलाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही.

"गणराज, सरळ विचारते, सरळ सांगा. मरायचं मनात येतं?"

"कधी वाटतं, सकाळी उठूच नये. पण पोरगी चार वर्षांची आहे. तिच्यासाठी उठतो."

"बायकोला माहीत आहे?"

त्यानं मान हलवली. नाही.

"आज कळेल. मी बोलते तिच्याशी, तुमच्यासमोर. पिंपरीत माझ्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई आहेत, मनाच्या. उद्या सकाळी आपण तिघं जायचं. तोवर मी तुम्हाला एकटं सोडत नाही." मग ती अडखळली, पण सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "आणि आणखी एक. तुमचं नाव मी कुणाला सांगणार नाही, शब्द आहे माझा. पण ती स्लीव्ह सत्तेचाळीस नंबरची आहे. करिष्माची. साडेचारला रुपाली मॅडम तिला काढतायत."

गणराज ताडकन उभा राहिला.

"करिष्माला? का? तिनं काय केलं?"

"जुने वण आहेत तिच्या हातावर. तेवढं पुरतं लोकांना."

त्यानं कडी काढली आणि जिन्याकडं धावला. त्याच्यामागं धावताना नीलाची चप्पल निसटली, ती तशीच पुढं गेली.

६

रुपालीच्या केबिनमध्ये पत्र टेबलावर होतं आणि करिष्मा उभी होती. ती रडत नव्हती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"स्लीव्ह माझ्याकडं होती," गणराज दारातूनच म्हणाला. "हिच्या नव्या होत्या, मी उचलल्या. नंबर कधी बघितलासुद्धा नाही."

"सर, तुम्ही कशाला मध्ये पडताय? वाचवताय का तिला?"

गणराजनं डावी स्लीव्ह खाली सरकवली. खाली बँडेज होतं, नीटनेटकं बांधलेलं.

रुपाली खुर्चीत मागं टेकली. तिच्या पाठीमागच्या भिंतीवरही सुरक्षा सप्ताहाचा तोच फोटो होता.

"ताई, आता काय करायचं?" तिनं नीलाला विचारलं, आणि तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "मला हे कुणी शिकवलेलंच नाही."

"पाय मोडला असता तर काय केलं असतं? रजा, डॉक्टर, आणि परत आला की त्याची खुर्ची त्याला. हेही तसंच. ऑडिटवाल्यांना पेटी भरलेली दाखवू, ती कायम भरलेलीच असते." नीलानं टेबलावरचं पत्र उचलून रुपालीच्या हातात दिलं. "आणि हे तुम्हीच फाडा."

रुपालीनं फाडलं. मग ड्रॉवरमधून दुसरं काढलं, कायम केल्याचं, आणि सही करताना म्हणाली, "करिष्मा, मला माफ कर. मी नंबर बघितला, तुला विचारलं नाही."

करिष्मा पत्राकडं बघतही नव्हती. ती गणराजकडं बघत होती. तो भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता, लाइनवरच्या कुणी त्याला ओळखलं नसतं. ती जाऊन त्याच्याजवळ बसली आणि आपलं मनगट त्याच्या हाताशेजारी धरलं.

"सर, हे बघा. बारावीतलं. थांबतं हे."

"किती दिवसांनी?"

"मला वर्ष लागलं. मधी एकदोनदा पुन्हा झालं, तरी थांबलं. पण ज्या दिवशी बाईंना सांगितलं ना, त्या रात्री झोप लागली होती."

गणराजनं तोंड ओंजळीत झाकलं आणि नोव्हेंबरपासून राहिलेलं रडू एकदाचं आलं. कुणी त्याला गप्प केलं नाही. रुपालीनं उठून केबिनचा पडदा ओढून घेतला.

पाच वाजून गेल्यावर त्यानं डोळे पुसले, सवयीनं घड्याळ बघितलं आणि दचकला.

"करिष्मा, पाच-दहा झाले. तुझी बस सुटेल. पळ!"

"मी थांबते की थोडं, सर."

"नाही. थांबायचं नाही," तो जवळजवळ ओरडलाच. मग हळू म्हणाला, "वेळेत घरी जा. आणि पोचलीस की मला कळव. कळवशील ना?"

ती पळाली. गणराज नीलाच्या खोलीत येऊन बसला. त्याच्या बायकोला फोन झाला होता, ती मोशीहून निघाली होती. नीलानं जुनं बँडेज सोडलं, जखम धुतली, नवं बांधलं. त्यानं हात मागं घेतला नाही. पण त्याचं लक्ष टेबलावरच्या मोबाइलकडं होतं. कुरुळी वीस मिनिटांवर. वीस झाली, पंचवीस झाली, रस्त्यावर ट्रकांची रांग लागलेली असणार, नीला त्याला तेच समजावत राहिली.

पावणेसहाला मोबाइल वाजला. त्यानं उचलून वाचला आणि नीलाच्या हातात दिला.

"पोचले सर. खोलीवरच हाय. चहा ठेवलाय."